गळ्यातलं थोरियम

आमच्या गावात मोबाईलचा टॉवर हवा म्हणून पहिला अर्ज करणारे, आणि टॉवर उभा राहिल्यावर तो हटवा म्हणून पहिली सही करणारे गृहस्थ एकच होते. आमचे निवृत्त मुख्याध्यापक. दोन्ही वेळी गाव त्यांच्या मागे होतं, आणि दोन्ही वेळी गावाची तळमळ सारखीच खरी होती.

गाव दिवेआगरपासून जवळच, नारळी-पोफळींच्या वाड्यांचं. चक्रीवादळात निम्म्या वाड्या आडव्या झाल्या तेव्हा कितीतरी दिवस कुणाचा फोन लागत नव्हता. पुढं पर्यटक परत यायला लागले, तर ते गाडीतून उतरून समुद्राची वाट विचारायच्या आधी रेंज कुठं येते ते विचारायचे. घराघरांत होमस्टे निघालेले. रेंज नाही म्हणून पाहुणा माघारी गेला तर तळलेल्या सुरमईचं काय करायचं? म्हणून अर्ज झाले, आमदारांकडे खेपा झाल्या, टॉवर आला, त्याच्यापुढं नारळही फुटला. आणि मग त्याच टॉवरवरून सगळ्यांच्या फोनवर एक निरोप आला, की टॉवरच्या रेडिएशननं चिमण्या मरतात, नारळाची बोंडं गळतात आणि माणसाचा मेंदू आतल्या आत शिजतो. हा निरोप आपल्याला इतक्या झटपट कसा मिळाला, याचा विचार कुणी केला नाही.

मी गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवते. त्यामुळे रेडिएशन म्हणजे काय हे मला कुणीतरी येऊन विचारेल, अशी माझी भाबडी समजूत होती. कुणी विचारलं नाही. सगळे सरांकडे गेले.

सरांचा मान मोठा. मी शाळेत लागले तेव्हा ते मुख्याध्यापक होते आणि आठवीचा अणूचा धडा दुसऱ्या कुणाला शिकवू देत नसत. मध्ये थर्माकोलचा मोठा गोळा, भोवती सायकलच्या तारा, तारांवर मणी. अणू म्हणजे धाकटी सूर्यमाला, असं ते म्हणत आणि मुलं तसंच लिहीत. मी एकदा स्टाफरूममध्ये म्हटलं, "सर, इलेक्ट्रॉन ग्रहासारखा फिरत नाही. तो कुठं असेल हे नेमकं सांगताच येत नाही. ढगासारखं काहीतरी म्हणावं लागेल."

सर चहा फुंकत म्हणाले, "बाई, परीक्षेला ढग काढला तर मार्क कोण देणार?"

ते निवृत्त झाल्यावर धडा माझ्याकडे आला. मी मुलांना मैदानात नेते, मधोमध एक चिंचोका ठेवते आणि सांगते, हे अणूचं केंद्र. प्रोटॉन, न्यूट्रॉन सगळे यातच दाटीवाटीनं बसलेत, आणि अणूचं जवळजवळ सगळं वजन यातच आहे. आता सांगा, इलेक्ट्रॉन कुठं असतील? मुलं मैदानाच्या कडेला बोट दाखवतात. मी म्हणते, आणखी लांब. एसटीच्या थांब्याच्याही पलीकडे. आणि मधे काय? मधे काही नाही. एका मुलीनं विचारलं होतं, "मग बाई, आपण भिंतीतून आरपार का जात नाय?" तिला सांगितलं, की तुझे बाहेरचे इलेक्ट्रॉन आणि भिंतीचे बाहेरचे इलेक्ट्रॉन एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत. ती म्हणाली, "म्हंजे आमच्या वाडीसारखंच. आत रिकामं, पण कुंपणावरनं भांडण." असं उत्तर मला पुस्तकात सापडलं नव्हतं.

तर सरांनी टॉवरविरुद्ध सह्या गोळा केल्या. टॉवर काही हलला नाही. मग देवळाच्या सभामंडपात त्यांनी बैठक बोलावली आणि टॉवरवर उतारा आणला. सोबत पनवेलकडचा एक कोटवाला माणूस होता. तो मराठीत सुरुवात करून हिंदीत जायचा आणि इंग्रजीत थांबायचा. त्याच्या हातात काळं, गुळगुळीत, बटाट्याच्या कापाएवढं एक पदक होतं, काळ्या दोरीत ओवलेलं. त्यातून म्हणे ऋण आयन निघतात. हे आयन शरीराभोवती कवच करतात आणि टॉवरचं रेडिएशन कवचावर आपटून परत जातं.

मी उठून म्हटलं, "टॉवरच्या लहरी अशक्त असतात. अणूतला इलेक्ट्रॉन उडवण्याइतका जोर त्यांच्यात नसतो. साध्या उजेडातसुद्धा त्यांच्यापेक्षा कितीतरी जास्त जोर आहे. सुपारीचा घड पाडायचाय आणि तुम्ही त्याला मोगऱ्याची फुलं फेकून मारताय. ओंजळभर मारा, नाहीतर पाटीभर मारा, घड पडेल का?"

मागून एक जण म्हणाला, "बाई, फुलं मारून सुपारी कोण पाडतंय?"

"मी तेच सांगतेय."

लोक मनापासून हसले, पण माझ्यावर. सरांनी मोठेपणानं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "बाई विज्ञानाच्या आहेत. आपण त्यांच्यावरच प्रयोग करू."

मला पुढं बोलावलं. उजवा हात आडवा ताठ धरायला सांगितला. सरांनी मनगटावर जोर दिला, माझा हात खाली गेला. मग गळ्यात पदक घातलं, पुन्हा हात आडवा, पुन्हा जोर. हात जागचा हलला नाही. टाळ्या पडल्या. या वेळी सरांनी मनगटावर नाही, कोपराच्या वर, खांद्याकडं दाबलं होतं, हे मी सांगत होते, पण टाळ्यांत ते कुणाला ऐकू गेलं नाही. दार बिजागरीजवळ ढकललं तर जड जातं, हे तरफेचं गणित सरांनी स्वतः पंचवीसेक वर्षं शिकवलं होतं. ते विसरले होते की त्यांना चांगलंच आठवत होतं, हे मी आजही सांगू शकत नाही.

पदकं हातोहात खपली. स्वस्त नव्हती, आणि लोकांना ती खरी वाटायचं तेही एक कारण असावं.

आमच्या घरात ती वहिनींनी आणली. वहिनी म्हणजे माझी मोठी जाऊ. आमच्या होमस्टेचं स्वयंपाकघर त्यांच्या हातात, आणि तसं बघितलं तर घरही. त्यांनी भावोजींना एक, माझ्या नवऱ्याला एक, मला एक आणि स्वतःला एक अशी पदकं घेतली. मी माझं पर्समध्ये टाकलं. वहिनींनी मात्र गळ्यात घातलं ते अंघोळीलाही काढलं नाही. त्यांना कारण होतं.

त्या वर्षी वहिनी खंगत चालल्या होत्या. जेवण वाढलेलं, वजन घटलेलं. पंख्याखाली बसूनही घाम. चहाचा कप बशीवर वाजायचा इतका हात थरथरायचा. आणि सारखी चिडचिड. ते आम्हाला बरेच दिवस कळलंच नाही, कारण चिडणं हे वहिनींच्या बाबतीत आजाराचं लक्षण धरायची आमच्या घरात पद्धत नव्हती. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइड ग्रंथी बेफाम काम करत होती. गोळ्या सुरू झाल्या, बरं वाटलं, गोळ्या थांबल्या, पुन्हा तेच. शेवटी त्यांनी मुंबईच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथल्या डॉक्टर बाई म्हणाल्या, आयोडीनचा एक डोस घ्या, बहुतेक पुन्हा यावं लागणार नाही. सोबत मी होते. आम्हाला ज्या विभागात जायचं होतं त्याच्या दारावर मोठ्या अक्षरांत न्यूक्लिअर मेडिसिन असं लिहिलेलं होतं आणि शेजारी तीन पाकळ्यांचं ते पिवळं चिन्ह.

वहिनींनी पाटी वाचली. माझ्याकडे बघितलं. पदर खोचला आणि जिन्याकडे चालायला लागल्या.

"वहिनी, कुठं निघालात?"

"घरी. न्यूक्लिअर काय असतंय मला म्हायती हाय. टीव्हीवर बघतंय मी."

घरी आल्यावर सर समाचाराला आले. झोपाळ्यावर बसून त्यांनी वहिनींचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुम्ही परत आलात ते उत्तम केलंत. रेडिएशननं आजार झाला आणि त्यावर रेडिएशनच घ्यायचं, हे कुठलं शास्त्र? थायरॉइड असतो गळ्यात, आणि पदकही बसतं नेमकं गळ्यात. यात निसर्गाचा काही संकेत आहे की नाही?"

मी म्हटलं, "सर, टायही गळ्यातच बसतो."

वहिनींनी मला आत चहा टाकायला पाठवलं.

पुढच्याच महिन्यात माणगावला विज्ञान शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. तिथं व्याख्यानाला आलेला प्राध्यापक माझा कॉलेजातला वर्गमित्र निघाला. त्यानं गायगर काउंटर आणला होता, म्हणजे किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र. हातात मावणारा डबा, पुढं एक नळी. किरण नळीतून गेला की आतल्या वायूतल्या अणूचा इलेक्ट्रॉन सुटतो आणि डब्यात टिक् असा आवाज होतो. त्यानं ते टेबलावर नुसतं ठेवलं तरी अधूनमधून टिक् होत होतं. मातीतून, भिंतीतून, आकाशातून, आपल्या अंगातूनसुद्धा थोडे किरण येतच असतात, हे त्यानं सांगितलं. समोरच्या एका शिक्षकानं खुर्ची मागं सरकवली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही जुन्या गप्पा मारत होतो. चष्मा काढायला मी पर्समधलं सामान टेबलावर उपसलं, आणि काउंटर एकदम तडतडायला लागला. कढईत मोहरी पडावी तसा.

तो उठून उभा राहिला. माझ्या सामानावरून नळी फिरवली. कंगव्यावर काही नाही, किल्ल्यांवर काही नाही. पदकावर तडतड.

"हे कुठून आणलंस?"

"घरच्यांनी दिलंय. टॉवरच्या रेडिएशनपासून वाचवायला."

त्यानं माझ्याकडे बघितलं, पदकाकडे बघितलं आणि इतका वेळ हसत राहिला की शिपाई डोकावून गेला. मग त्यानं समजावून सांगितलं. समुद्रकाठी काही ठिकाणी एक जड वाळू सापडते, तिच्यात थोरियम असतं. थोरियमचं केंद्र फार मोठं, नव्वद प्रोटॉन आणि त्याहून कितीतरी जास्त न्यूट्रॉन. इतकी गर्दी केंद्राला सोसत नाही. मग ते अधूनमधून दोन प्रोटॉन नि दोन न्यूट्रॉन असा एक गट्ठा बाहेर फेकतं आणि दुसरंच मूलद्रव्य होऊन बसतं. त्यालाही चैन पडत नाही, तेही फेकतं. असं करत करत शेवटी शिसं होतं. हे फेकलेले कण हवेतले इलेक्ट्रॉन उडवतात, आणि तेच तुमचे ऋण आयन. कोटवाल्याच्या कंपनीनं अगदी खोटं सांगितलं नव्हतं. टॉवरच्या लहरींना जे जमत नाही ते करणारी वस्तू तिनं लोकांच्या गळ्यात बांधली होती आणि तिला कवच म्हटलं होतं.

"माणूस मरेल का यानं?" मी विचारलं.

"मरणार नाही. मात्रा लहान आहे. पण वर्षानुवर्षं कातडीला चिकटवून ठेवायचं, तेही काहीही फायदा नसताना, हा शुद्ध मूर्खपणा आहे. गावात अशी किती आहेत?"

"टॉवर काढा म्हणून जितक्या सह्या होत्या, तितकी असतील."

किनाऱ्यावर जन्म गेलेल्या माणसांना कुणीतरी वाळू विकली होती, हे मला परतीच्या एसटीत हळूहळू उमगत गेलं. काउंटर त्यानं थोड्या दिवसांसाठी मला दिला होता. तो मी मांडीवर घट्ट धरून बसले होते.

वहिनी पडवीत कोकमं वाळत घालत होत्या. मी काही न बोलता यंत्र सुरू केलं आणि त्यांच्या गळ्याजवळ नेलं. तडतड सुरू झाली.

"काय गो, काय ह्ये?"

"रेडिएशन."

"टॉवरचं?"

"टॉवरचं हे यंत्र ओळखतच नाही. हे तुमच्या पदकाचं."

त्यांनी यंत्र माझ्या हातातून घेतलं. पदक काढून पाटावर ठेवलं. यंत्र लांब नेलं, शांत. जवळ आणलं, तडतड. भिंतीवर फिरवलं, कोकमांवर फिरवलं, भावोजींच्या पाठीवर फिरवलं. भावोजी पेपर वाचत होते, ते हललेही नाहीत. सगळीकडे एखाददुसरी टिक्. पुन्हा पदकावर, तडतड. मग त्या पाटावर बसल्या आणि मला म्हणाल्या, "आता नीट सांग. त्या मुंबईच्या औषधात काय असतं?"

मी सांगितलं. "मिठात असतं तेच आयोडीन. प्रोटॉन तेवढेच, त्रेपन्न. इलेक्ट्रॉनही तेवढेच. फक्त केंद्रात चार न्यूट्रॉन जास्त. थायरॉइडला आयोडीन लागतं, म्हणून ती ते आत ओढून घेते. तिला कळतच नाही की हे दुसरं आहे, कारण बाहेरून सारखंच दिसतं."

"म्हंजे सख्खे भाऊ. तोंडावळा येक, पण येकाचं डोकं फिरलेलं."

"तसंच."

"आपल्या घरात हाय तसं," असं म्हणून त्यांनी भावोजींकडे बघितलं. "फुडं?"

"ते डोकं फिरलेलं केंद्र ग्रंथीत जाऊन फुटतं. त्यातला एक न्यूट्रॉन प्रोटॉन होतो, एक इलेक्ट्रॉन जोरात बाहेर पडतो आणि जवळच्या पेशी मारतो. जास्त लांब जात नाही. बेफाम झालेली ग्रंथी जागच्या जागी थंड होते."

"आन त्या आयोडीनचं काय होतं?"

"ते आयोडीन राहतच नाही. झेनॉन नावाचा वायू होतो आणि श्वासातून जातो. आठ दिवसांत निम्मं संपतं, पुढच्या आठ दिवसांत उरलेल्याचं निम्मं. तुमच्या पदकातल्या थोरियमला निम्मं व्हायला चौदाशे कोटी वर्षं लागतील."

वहिनी कोकमं उलटसुलट करत म्हणाल्या, "येक कामापुरता येतो आन जातो. दुसरा नुसता बसून ऱ्हातो. कंचा पाव्हना बरा त्ये मला होमस्टेवालीला सांगू नको." दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच इस्पितळात फोन केला.

मला वाटलं होतं, आता गावही शहाणं होईल. मी शाळेच्या व्हरांड्यात यंत्र मांडलं आणि निरोप पाठवला, ज्यांच्याकडे पदकं असतील त्यांनी ती तपासून घ्यावीत. रांग लागली. पहिल्या बाईचं पदक तडतडलं. मी समजावून सांगितलं, तिनं ते काढून मी शेजारी ठेवलेल्या पत्र्याच्या डब्यात टाकलं. दुसऱ्याचंही तसंच. तिसऱ्या माणसाचं पदक मात्र गप्प. मी आनंदानं म्हटलं, "तुमच्यात काही नाही. नुसतं प्लास्टिक आहे. तुम्ही सुटलात."

तो लालबुंद झाला. "म्हंजे आमाला डुप्लिकेट दिला?"

"तुमचं नशीब चांगलं म्हणून."

"शेजाऱ्याचा वाजतोय आन आमचा का न्हाय वाजत? पैशे सारखेच घेतलेत."

रांगेत कुजबुज सुरू झाली. मागच्यांना काय ऐकू गेलं कोण जाणे, पण थोड्याच वेळात लोक आपलं पदक वाजलं की हसायचे आणि गप्प राहिलं की चेहरा पाडायचे. एकानं तर वाजणारं पदक डब्यातून परत मागितलं. मी दिलं नाही. तेवढ्यात सर आले. त्यांनी रांग बघितली, यंत्र ऐकलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"बघा," ते सगळ्यांना म्हणाले, "मी ऊर्जा आहे म्हणत होतो, तेव्हा बाई नाही म्हणत होत्या. आता बाईंच्याच यंत्रानं सिद्ध केलं. ज्यांची वाजत नाहीत ती आपण बदलून देऊ."

मी म्हटलं, "सर, तुमचं दाखवा."

सरांनी शर्टातून पदक काढलं. मी नळी टेकवली. टिक्. बराच वेळ काही नाही. पुन्हा एक टिक्, व्हरांड्यात कुठंही होत होती तशी. त्यांनी पदक उलटं करून पाहिलं, नळीवर दोनदा आपटलं. ज्या माणसानं गावभर थोरियम वाटलं, त्याला कोटवाल्यानं प्लास्टिक दिलं होतं. कुणी हसलं नाही, कारण सर खरोखर दुखावले होते. मी एकटीच खूश होते, आणि ते लपवायला मला फार कष्ट पडले.

डब्यात जमलेली पदकं वर्गमित्रानं नेली आणि अशा वस्तू घेणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत रीतसर दिली. उरलेली बरीचशी गावातच राहिली, आणि वाजणाऱ्या पदकांचा भाव म्हणे वाढला.

वहिनींच्या डोसाआधी डॉक्टरांनी समुद्राची मासळी आणि आयोडीनचं मीठ बंद करायला सांगितलं, म्हणजे ग्रंथी आयोडीनला आसुसलेली राहील. आमच्या घरात मासळी बंद म्हणजे सुतकच. वहिनी पाहुण्यांसाठी पापलेट तळायच्या आणि स्वतः खडेमिठातली भेंडी खायच्या. त्या दिवसांत स्वयंपाकघरात जायची कुणाची छाती नव्हती.

इस्पितळात एका शिशाच्या डबीतून छोटी कॅप्सूल आली. वहिनींनी ती पाण्याबरोबर गिळली आणि विचारलं, "झालं?" झालं होतं. येताना आमच्या गाडीत त्या मागं एकट्या, काच उघडी, मी पुढं. घरी आल्यावर त्यांना मागची खोली दिली. काही दिवस लहान मुलांनी आणि गरोदर बायकांनी जवळ जायचं नव्हतं; ताट-वाटी वेगळी, अंथरूण वेगळं. माझ्या नवऱ्यानं गंमत केली, की आता घरात परवान्याशिवाय अणुभट्टी आहे. ती अणुभट्टी फोनवरून घर चालवत होती. आमटीत कोकम किती, कुठल्या पाहुण्याच्या चादरी बदलायच्या, नारळ कुणाला विकायचे नाहीत, सगळं खिडकीआडून. नव्या टॉवरमुळे आवाजही स्वच्छ यायचा. भावोजी म्हणाले, एवढ्या शांतपणे संसार आम्ही लग्न झाल्यापासून केला नव्हता. त्यांना वाटलं फोन बंद आहे. तो बंद नव्हता.

दोनेक महिन्यांत हात थरथरायचा थांबला. वजन परत आलं, नंतर थोडं जास्तच आलं. ग्रंथी पुरती थंड झाली म्हणून रोज सकाळी एक गोळी लागली, ती आजही लागते. डॉक्टरांनी हे आधीच सांगितलं होतं.

आणि मग गावच्या व्हॉट्सॲप गटावर वहिनींचा फोटो फिरायला लागला. कुठल्याशा हळदीकुंकवातला, गळ्यात काळं पदक असलेला. खाली लिहिलं होतं, "थायरॉइडमधून संपूर्ण मुक्ती. पदकाचा चमत्कार." सरांची पुढची बैठक रविवारी होती. वहिनींनी ते वाचलं, फोन ठेवला आणि कपाटातून इस्त्रीची साडी काढली.

सभामंडपात आम्ही दोघी मागं बसलो. कोटवाला या वेळी नव्हता. सरांनी वहिनींना पाहिलं आणि स्वतःच म्हणाले, "प्रत्यक्ष अनुभव घेतलेली व्यक्ती आपल्यात आहे. वहिनी, दोन शब्द बोला."

वहिनी उभ्या राहिल्या. "सर, तुमी आमच्या मुलांचे गुरुजी, म्हणून नीट सांगतंय. मी बरी झाली ती मुंबईच्या औषधानं. त्ये औषध अणूचंच होतं. मी त्याला भ्याली, कारण तुमी झोपाळ्यावर बसून सांगितलात की भ्या. तुमच्या पदकानं माझ्या मानेवर चट्टा उठला, येवढाच चमत्कार. माझा फोटू काढून टाका. आज."

तो चट्टा बहुधा दोरीच्या घामाचा होता. पण मी गप्प बसले. विज्ञानाच्या बाजूनं इतकं चांगलं भाषण गावात पहिल्यांदाच होत होतं, त्यात मला दुरुस्त्या सुचवायच्या नव्हत्या.

सर म्हणाले, "प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते." फोटो संध्याकाळपर्यंत गेला. बैठक त्यानंतर एकदाच झाली, तिला फारसं कुणी गेलं नाही. काही जणांनी पदक काढलं, काहींनी ते देवघरात ठेवलं, जिथं ते निदान कातडीपासून लांब आहे.

या गणपतीत सर आमच्याकडे आरतीला आले होते. वहिनींनी त्यांना उकडीचे मोदक वाढले, वर तूप सोडलं. ते म्हणाले, तब्येत छान दिसते. वहिनींनी त्यांच्या मिसेसचे गुडघे कसे आहेत म्हणून विचारलं. सर जरा पुढं सरकले आणि आवाज खाली आणून म्हणाले, की त्यावर आता एक चुंबकाची गादी आलीय, जपानी तंत्र आहे, रक्तातलं लोह सरळ रेषेत आणते. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मी मोदकांचं ताट उचललं आणि आत गेले, कारण हसू मला आवरत नव्हतं आणि घरात पाहुणे होते.